पांच तोळ्यांची गूजबेरी

इंग्रजी धड्यांत ‘गूजबेरी’ हा शब्द आला म्हणजे विद्यार्थी शब्दकोश उघडतो, त्यांत बहुधा ‘आवळा’ असा प्रतिशब्द आढळतो, आणि इंग्लंडांतील मुलें आपल्याप्रमाणेंच मीठ लावून आवळे खात असावींत असें समजून तो पुढील ओळीकडे वळतो. प्रस्तुत लेखकहि कित्येक वर्षें याच समजुतींत होता. वस्तुतः आपल्या आवळ्याचा व या फळाचा कांहीं एक संबंध नाहीं. परदेशांत गेलेल्या इंग्रजांनीं आंबट, गोल असें फळ पाहिलें कीं त्यास आपल्या घरच्या फळाचें नांव द्यावें, असा प्रकार पुष्कळदां झाला. त्यामुळें आवळा ही त्यांची ‘हिंदी गूजबेरी’, रायआवळा ही ‘तारका-गूजबेरी’, आणि पातळ कागदासारख्या वेष्टनांत दडलेली पिवळी रसभरी ही ‘केपची गूजबेरी’ झाली. यांपैकीं शेवटची तर टोमॅटोच्या कुळांतली आहे.

खरी गूजबेरी हें यूरोपाच्या थंड हवेंत वाढणाऱ्या एका कांटेरी झुडुपाचें फळ होय. झुडूप फार तर छातीएवढें उंच होतें. फळाची साल इतकी पातळ असते कीं तें उजेडासमोर धरलें असतां आंतील शिरा व बियाहि दिसतात. टोकाला वाळलेल्या फुलाचा शेंडा तसाच चिकटून राहिलेला असतो. लाल, पिवळीं, हिरवीं व पांढरीं अशीं चार रंगांचीं फळें बागांत होतात. त्यांचा मुरंबा करितात, पिठाच्या आवरणांत घालून तीं भाजतात, माशाबरोबर आंबट चटणीसारखींहि खातात. रानांत आपोआप उगवलेल्या झुडुपाचें फळ मात्र अगदीं लहान. त्याचें वजन सुमारें १२० ग्रेन, म्हणजे आपल्या जुन्या मापानें आठ मासे भरतें. (येथें तोळा म्हणजे १८० ग्रेनांचा, सुमारें ११.६६ ग्रॅमचा जुना तोळा समजावा. हल्लीं सराफकट्ट्यावर दहा ग्रॅमलाहि तोळाच म्हणतात, त्याची येथें गल्लत होऊं नये.) हीं आठ माशांचीं फळें पांच तोळ्यांच्या घरांत कशीं गेलीं, तीं कोणीं नेलीं, व त्यांतून एका थोर शास्त्रज्ञाच्या हातीं काय लागलें, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडच्या वायव्य भागांत, मुख्यतः लँकेशायर व चेशायर या परगण्यांत, गूजबेरी-मंडळें निघूं लागलीं. मंडळ हा शब्द भारदस्त वाटतो. प्रत्यक्षांत गांवांतील कांहीं शेजारी तेथील पथिकगृहांत जमत, थोडी वर्गणी काढीत, आणि जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या आरंभीं आपापलें सर्वांत जड फळ आणून सर्वांच्या समक्ष तराजूंत घालीत. ज्याचें पारडें खालीं जाई तो जिंकला. बक्षीस म्हणजे पुष्कळ ठिकाणीं एक तांब्याची किटली असे. ती वर्षभर चुलीजवळ टांगून ठेवावी, आलेल्या गेलेल्याच्या नजरेस पडावी, एवढाच काय तो लाभ!

हे शेजारी जमीनदार नव्हते, किंवा विद्यापीठांत शिकलेले वनस्पतिशास्त्रज्ञहि नव्हते. त्यांत हातमागावर कापड विणणारे विणकर बरेच असत. यंत्रमाग येण्यापूर्वीं विणकराचा माग त्याच्या राहत्या घरांतच असे. सोलापुरांत वा येवल्यास घरच्या मागावर चाललेलें काम ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस याची कल्पना सहज येईल. काम कष्टाचें खरें, परंतु कारखान्याच्या घंटेला तें बांधलेलें नव्हतें. आभाळ भरून आलें तर धोटा खालीं ठेवून परसांत जावें, झुडुपावर आच्छादन घालावें व पुन्हां मागावर येऊन बसावें, एवढी मोकळीक त्यास होती. परसांतील जागा चार हातांची. तेवढ्यांत शर्यतीचा घोडा बाळगतां येत नाहीं, गूजबेरीचें झुडूप मात्र बाळगतां येतें. स्कॉटलंडांतील पेझ्ली येथील विणकरांनीं अशाच हौसेनें फुलांच्या नव्या जाती निपजविल्या. बारीक सूत दिवसभर निरखणाऱ्या डोळ्यांस पाकळीवरील रेघ किंवा फळाच्या देठाजवळचा फुगवटा चटकन् दिसत असेल, असा आमचा आपला तर्क आहे.

आतां ही वाढ साधण्याची रीत पाहूं. हिंवाळ्यांत झुडूप छाटून त्याच्या मोजक्या फांद्या ठेवावयाच्या व त्या आडव्या पसरून आधार देऊन बांधावयाच्या. मुळांपाशीं कुजलेलें खत घालून जमिनीवर पालापाचोळ्याचें आच्छादन करावयाचें. (खतांत काय काय मिसळलें आहे, हें मात्र ज्याचें त्यास ठाऊक! या एका बाबतींत सख्ख्या भावासहि दाद मिळत नसे.) वसंत ऋतूंत शेंकडों फळें धरतात. तीं खुडून टाकावयाचीं व प्रत्येक झुडुपावर अगदीं थोडीं राखावयाचीं, म्हणजे झुडपाचें सर्व पोषण त्या थोड्या फळांकडे जातें. हौशी मनुष्यास ही खुडणी जिवावर येते. परंतु ज्याला ती साधत नाहीं त्यानें तराजूकडे फिरकूं नये. यापुढें उन्हापासून सावली, पक्ष्यांपासून जाळें व गांधीलमाशांपासून पहारा. कांहीं लोक तर निवडलेल्या फळाच्या खालीं पाण्याची बशी अशी ठेवीत कीं फळाच्या टोकाशीं सतत ओलावा राहावा. या युक्तीस ते ‘दूध पाजणें’ अशा अर्थाचा शब्द वापरीत.

इतकें करूनहि अखेरच्या आठवड्यांत घात होऊं शकतो. फळ पूर्ण भरत आलें, साल ताणून कांचेसारखी झाली, आणि त्याच रात्रीं जोराचा पाऊस पडला, तर मुळें भराभर पाणी ओढतात, आंतील गर फुगतो व साल उकलते. फुटलेलें फळ बाद. म्हणून प्रदर्शनापूर्वींच्या दिवसांत कोणी झुडुपावर छत्र्या बांधून ठेवितात. आदल्या दिवशीं तोडावें तर एका रात्रीची वाढ बुडते. न तोडावें तर एका सरीनें वर्ष बुडतें. वजनाच्या स्पर्धेंतील खरी कसोटी येथें आहे.

आणि हें सर्व पुन्हां सचोटीनें व्हावयास हवें. चेशायरमधील मंडळांत फळ साक्षीदारासमक्ष तोडण्याचा व तें पेटींत घालून पेटीवर लाखेची मोहर करण्याचा प्रघात आहे. दुसऱ्या दिवशीं सर्वांदेखत मोहर तपासून पेटी उघडावयाची. वजन सराफी पद्धतीनें, पेनीवेट व ग्रेन या मापांत. एक पेनीवेट म्हणजे २४ ग्रेन, आणि एक ग्रेन म्हणजे सुमारें ६५ मिलिग्रॅम. शेजाऱ्याचें फळ आपल्यापेक्षां एक ग्रेन जड ठरलें तर तोंड वांकडें न करितां त्याचें अभिनंदन करावयाचें, ही गोष्ट कदाचित् खत घालण्यापेक्षां अवघड असावी.

या लोकांनीं आणखी एक गोष्ट केली, व तिच्यामुळेंच आज आपणांस ही हकीकत अंकांनिशीं सांगतां येते. ठिकठिकाणच्या प्रदर्शनांतील फळांचीं नांवें व वजनें यांची एक वार्षिक नोंदवही ते छापून प्रसिद्ध करीत. १८४५ सालच्या नोंदींत १७१ प्रदर्शनांचा वृत्तांत आहे! एका आंबट फळासाठीं एका उन्हाळ्यांत १७१ ठिकाणीं तराजू टांगला गेला. पुढें चार्लस डार्विन यानें या वजनांचा क्रम लावून दाखविला. तो आपल्या मापांत असा होतो. रानटी फळ आठ माशांचें. १७८६ च्या सुमारास १ तोळा ४ मासे, म्हणजे बरोबर दुप्पट. १८१७ सालीं ‘हायवेमन’, म्हणजे वाटमाऱ्या, या नांवाची जात पुढें होती. त्या सालचें वजन साडेतीन तोळ्यांवर गेलें. १८२५ सालीं ‘रोअरिंग लायन’, म्हणजे गर्जणारा सिंह, या जातीच्या काळीं वजन सव्वाचार तोळ्यांस किंचित् कमी. १८३० सालीं ‘टीझर’ जातीचें फळ ४ तोळे ४ मासे. नंतर अकरा वर्षें इतकी मंद प्रगति कीं १८४१ सालच्या ‘वंडरफुल’ जातीच्या फळानें अवघ्या तीन ग्रेनांची भर घातली. मग ‘लंडन’ नांवाची जात पुढें आली. १८४४ सालीं तिचें फळ पावणेपांच तोळ्यांस तीन ग्रेन कमी. दुसऱ्याच वर्षीं पांच तोळ्यांस वीस ग्रेन कमी. आणि १८५२ सालीं स्टॅफर्डशायरांत पांच तोळ्यांस अवघे पांच ग्रेन कमी! हें वजन ५८ ग्रॅम, म्हणजे साधारण कोंबडीच्या एका अंड्याएवढें होतें. रानटी फळाच्या तें सातपटीहून अधिक होय. डार्विननें पडताळा म्हणून एक लहानसें सफरचंद तोललें, तें नेमकें तितकेंच भरलें.

आतां विचार करण्यासारखा प्रश्न असा कीं ही वाढ कशानें झाली? खतानें व खुडणीनें झाली, असें प्रथमदर्शनीं कोणीहि म्हणेल. डार्विननेंहि त्याचा वांटा मान्य केला. परंतु मुख्य कारण तें नव्हे, असें त्याचें मत होतें. आणि तें समजण्यासाठीं कलम व बी यांतील भेद लक्षांत घेतला पाहिजे. गूजबेरीची काडी छाटून जमिनींत रोंवली कीं तिचें झुडूप होतें, व तें हुबेहूब मूळ झाडासारखें असतें. ‘लंडन’ जातीचीं हजारों झुडुपें झालीं, तरी एका अर्थानें तीं एकाच झाडाचे तुकडे होत. बी पेरलें तर मात्र प्रत्येक रोप निराळें निघतें. जसें एकाच आईबापांचीं मुलें सारखीं नसतात तसें. शेंकडों रोपांपैकीं बहुतेक टाकाऊ. क्वचित् एखादें आईहून वरचढ. तें हुडकून काढावयाचें, त्याच्या काड्यांनीं प्रसार करावयाचा, आणि पुन्हां त्याचें बी पेरावयाचें. हीच निवड. डार्विनचा युक्तिवाद साधा व बिनतोड आहे: १८१७ सालच्या ‘वाटमाऱ्या’ला कितीहि खत घातलें असतें तरी तो १८२५ च्या ‘सिंहा’ची बरोबरी करूं शकला नसता, आणि तो सिंह गांवोगांवीं इतक्या हातांनीं लावून पाहिला असतांहि १८५२ च्या ‘लंडन’ची पायरी त्यास गांठतां आली नाहीं. अर्थात् पायरी चढली ती नव्या रोपामुळें, खताच्या पाटीमुळें नव्हे.

डार्विनला या फळाचें एवढें अगत्य कां वाटावें? त्याचा सिद्धान्त असा कीं सजीवांत लहान लहान फरक सदैव होत असतात, व त्यांतून निवड होत गेली तर पिढ्यान्पिढ्या तो फरक सांठत जातो. सृष्टींत ही निवड जीवनकलहानें होते, बागेंत ती मनुष्याच्या हातानें होते. परंतु फरक सांठत जातो हें दाखवावें कसें? बहुतेक पिकांचें पूर्वरूप काळाच्या उदरांत गडप झालेलें. गव्हाचें वा भाताचें मूळ वजन कोणीं लिहून ठेविलें आहे? येथें मात्र सत्तर वर्षांचा लेखी हिशेब, तोहि ग्रेनांपर्यंत, तयार होता. शिवाय दुसरी एक गोष्ट त्याच्या ध्यानांत आली. १८५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘जातींचा उगम’ या ग्रंथांत त्यानें ती सांगितली आहे. गूजबेरीच्या निरनिराळ्या जातींचीं फळें आकार, रंग, घाट व लव या सर्व बाबतींत परस्परांहून अगदीं भिन्न. परंतु फुलें पाहावींत तर जवळ जवळ सारखीं. कारण उघड आहे. फुलांकडे कोणी पाहतच नव्हतें, सर्वांचें लक्ष फळावर. मनुष्यानें ज्या अवयवावर नजर ठेविली तोच बदलला. ज्यांच्या परसांत हा पुरावा पिकला त्यांच्या मनांत तसा कांहीं हेतु नव्हता. ते किटली जिंकीत होते. मात्र त्यांनीं एखाद्या वर्षीं अंदाजानें आंकडे लिहिले असते, शेजाऱ्याची भीड म्हणून चार ग्रेन इकडे तिकडे केले असते, तर डार्विनच्या हातीं फळांची एक गमतीची गोष्ट आली असती, पुरावा आला नसता.

१८६८ सालीं पाळीव प्राणी व लागवडीच्या वनस्पती यांतील फेरबदलांवर डार्विननें जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यांत वरील सर्व वजनें आहेत. १८७५ सालच्या आवृत्तींत त्यानें पुस्ती जोडली कीं ‘लंडन’नें तोंवर १८५२ चें वजन ओलांडलेलें नाहीं, कदाचित् हीच या फळाची परम मर्यादा असावी, एखादी सर्वस्वी नवी जात निपजली तर गोष्ट निराळी. हें विधान किती जपून केलेलें आहे पाहा. आणि झालेंहि तसेंच. २०१३ सालीं चेशायरांत ‘माँट्रोज’ या दुसऱ्याच जातीचें फळ ६४.४९ ग्रॅम भरलें, व २०१९ सालीं यॉर्कशायरांत एक फळ ६४.८३ ग्रॅम, म्हणजे साडेपांच तोळ्यांहून थोडें अधिक भरलें. शंभराहून अधिक वर्षांच्या अवधींत वाढ अवघ्या सात ग्रॅमांची! प्रारंभीं वजन दुप्पट होण्यास फारसे श्रम पडले नाहींत. पुढें एकेका ग्रॅमसाठीं आयुष्यें खर्चावीं लागलीं.

हाच खेळ आज अमेरिकेंतील परसबागांत टोमॅटोवर चालला आहे, आणि तेथील आंकडे डोळे दिपविणारे आहेत. रानटी टोमॅटोचें फळ मटाराच्या दाण्याहून थोडें मोठें व एखादा ग्रॅम वजनाचें असतें. १९८६ सालीं ओक्लाहोमा संस्थानांतील एका हौशी माळ्यानें पिकविलेला टोमॅटो ३.५१ किलो भरला, आणि २०२२ सालीं मिनेसोटांत एक टोमॅटो ५.२८ किलोंवर गेला. एवढी तफावत कां, याचें उत्तर फुलांत आहे. टोमॅटोच्या मोठ्या जातींत कधीं कधीं अनेक फुलें जन्मतःच एकमेकांत मिसळून एक रुंद, वेडेंवांकडें फूल तयार होतें. त्यापासून होणारें फळ म्हणजे अनेक फळांचा एकजीव गोळा असतो. माळी असेंच फूल शोधून राखतो व बाकीचीं खुडतो. असा टोमॅटो दिसावयास कुरूप, घड्या पडलेला असतो, आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर गूजबेरीच्या कांचेसारख्या तुकतुकीत गोलापुढें तो आम्हांस फारसा रुचत नाहीं. परंतु अभ्यासाच्या दृष्टीनें टोमॅटोनें बाजी मारली आहे. फळाचें वजन वाढविणाऱ्या आनुवंशिक कारणांपैकीं एक जनुक २००० सालीं अमेरिकन संशोधकांनीं टोमॅटोंतच प्रथम निश्चित केलें. डार्विनला निवडीचा परिणाम दिसत होता, तो आंत कोठें घडतो हें त्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

गूजबेरी-मंडळांचें पुढें काय झालें? यंत्रमागांनीं विणकराची मजुरी बुडविली. तो कारखान्यांत गेला, व त्याचें परस मागें राहिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतून आलेल्या भुरी रोगानें झुडुपें वाळलीं, आणि पाठोपाठ पहिलें महायुद्ध आलें. १७१ प्रदर्शनांपैकीं आतां चेशायरांतील गूस्ट्री, स्वेटनहॅम वगैरे मोजक्या खेड्यांतील, आणि यॉर्कशायरांत एस्क नदीच्या कांठीं असलेल्या एग्टन ब्रिज या गांवचें, एवढींच काय तीं उरलीं आहेत. ‘सिंह’, ‘वाटमाऱ्या’ हीं फळांचीं नांवें ग्रंथांत अमर झालीं. ज्यांनीं तीं पिकविलीं त्यांपैकीं किती विणकरांचीं नांवें आज कोणास सांगतां येतील?

एग्टन ब्रिजचें मंडळ १८०० सालीं स्थापन झालें. ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारीं तेथील शाळेच्या दालनांत मेजें मांडतात, व लाल, पिवळीं, हिरवीं, पांढरीं फळें आपापल्या वर्गांत पांढऱ्या थाळ्यांवर ओळीनें ठेवितात. वजन अजूनहि ड्रॅम व ग्रेन यांतच लिहितात. नव्यानें येणाऱ्यास जुने सभासद आपल्या उत्तम झुडुपाची काडी देतात, म्हणजे पुढें आपणांसच हरवूं शकणारें झाड स्वतःच्या हातानें दुसऱ्याच्या कुंपणांत लावतात. दुपारपर्यंत वजनें होतात. मग तीं पांढऱ्या थाळ्यांवरचीं फळें पाहण्यास सारा गांव लोटतो.